शिवोलीहून आलेली कॅसेट

१९८९-९० च्या सुमारास मी एकादशीला नारायणगडावर टेपरेकॉर्डर घेऊन जायचो. नगद नारायण महाराजांच्या या गादीला आमच्या बीडकडे धाकटी पंढरी म्हणतात. बीडमध्ये माझा कॅसेट भरून द्यायचा लहानसा गाळा होता आणि गडावरच्या कीर्तनाला गिऱ्हाईक कायम असायचं. माईक एकच. तो बुवांजवळ ठेवला की टाळकरी लांब जायचे, पखवाजाकडे सरकवला की बुवांचा शब्द बुडायचा. लाल बटण दाबलं की त्यात जे पडलं ते पडलं. मागाहून सुधारायची सोय नव्हती.

अशा दिवसांत गोव्याला ट्रक नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने काउंटरवर एक कॅसेट ठेवली. ‘हिची एक कॉपी काढून ठेव, परवा नेतो.’ वर नाव होतं ‘गोअन क्रेझी’, गाणारा रेमो फर्नांडिस. इंग्रजी मला जेमतेम कळायचं. पण दिवसभर टेपला कान लावून बसणाऱ्याला शब्दांच्या आधी दुसऱ्या गोष्टी ऐकू येतात. मागे साथ करणारे गळेही मला मुख्य गायकाचेच वाटले, कारण श्वास घ्यायची तऱ्हा तीच होती. एक माणूस स्वतःलाच साथ करतो कसा, हे मला उमगेना. त्या रात्री ती कॅसेट मी तीनदा ऐकली.

मग मी या माणसाची माहिती काढत गेलो. रेमोचा जन्म १९५३ चा, गाव बार्देशातलं शिवोली. मुंबईला जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकला. सत्तरीच्या दशकात तिथल्या ‘सॅव्हेजेस’ या बँडबरोबर गायला. नंतर युरोप आणि आफ्रिकेत गिटार-बासरी घेऊन भटकला आणि गावी परतला. त्या काळात आपल्याकडे इंग्रजी रॉक म्हणजे हॉटेलात परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. स्वतःचं गाणं लिहून इंग्रजीत गाणाऱ्याला कंपन्यांच्या हिशोबात जागाच नव्हती. रेमोने जागा मागत बसण्यापेक्षा शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण सुरू केलं. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ तयार झाली. लिहिणं, चाल, वाद्यं, गाणं, मिक्सिंग आणि वेष्टनाचं चित्र, सगळं एकट्याचं.

हे जमलं ते चार ट्रॅकच्या यंत्रामुळे, आणि माझा जीव या यंत्रात अडकलेला आहे म्हणून ते जरा सांगतो. कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. तिच्यावर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे, म्हणून तर आपण कॅसेट उलटी करून घालतो. १९७९ साली जपानच्या टॅस्कॅमने असं यंत्र काढलं की चारही पट्टे एकाच दिशेने वापरता येतील. पहिल्यावर ताल भरायचा. मग तो कानात ऐकत दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बासरी. जागा संपली की तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन पट्टे पुन्हा मोकळे करून घ्यायचे. पण प्रत्येक उतरवणीला फितीची सरसर वाढते, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं होत नाही. म्हणजे शेवटी गाणं कसं वाजणार हे पहिला ठोका मारतानाच डोक्यात पक्कं हवं. हे हौशी माणसाचं काम नव्हे. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ अशाच यंत्रावर घरात मुद्रित केला. पण त्याच्यामागे मोठी कंपनी उभी होती, रेमोच्या मागे कुणी नव्हतं.

कॅसेट तयार झाली, पण ती दुकानात कोण पोचवणार? तेही त्यानेच केलं. पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून तो गोवाभर फिरला आणि दुकानदुकानात ठेवून आला. मी स्वतः सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून गडाच्या पायथ्याला बसलेलो आहे, त्यामुळे यातले कष्ट मला नेमके ठाऊक आहेत. एक कॅसेट खपली की दुसरी मागायला दुकानदार निरोप पाठवतो, तेव्हा खरी पावती मिळते. गोव्याच्या लोकांनी ती पावती भरभरून दिली, कारण ही गाणी त्यांच्या घरादाराची, पुढाऱ्यांची, पर्यटकांची होती. बाकीचं काम प्रवाशांच्या पिशव्यांनी केलं. आमच्याकडे कीर्तनाची कॅसेट अशीच गावोगाव जायची, कुणाच्या माहेरी, कुणाच्या ट्रकमध्ये. बीडपर्यंत रेमो आला तो याच वाटेने.

त्यानंतर १९८५ ला ‘ओल्ड गोअन गोल्ड’, १९८६ ला अमली पदार्थांविरुद्धची ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ ला ‘बॉम्बे सिटी’. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा त्याने त्यांनाच उद्देशून लिहिलेलं, चार खरे बोल सुनावणारं गाणं त्यांच्या समोर गायलं. स्थानिक वर्तमानपत्रांनी गहजब केला. रेमोने ती कात्रणं थेट पंतप्रधानांना धाडली आणि गाणं आवडल्याचं उत्तर आलं. त्याच्या गाण्यांना मिळालेल्या साऱ्या पावत्यांत मला ही सगळ्यात मोलाची वाटते.

पुढचं, सिनेमातलं, सर्वांना माहीत आहे. १९८७ चा ‘जलवा’, १९९५ च्या ‘बॉम्बे’तलं ‘हम्मा हम्मा’, १९९८ चं ‘प्यार तो होना ही था’, २००७ ला पद्मश्री. आमच्याकडच्या वरातींत ‘हम्मा हम्मा’ वाजलं तेव्हा हाच तो शिवोलीचा माणूस हे मी पोरांना सांगायचो, त्यांना ते पटायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच की रेमोची ओळख सिनेमाचा गायक अशी लावणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याचं खरं काम १९८४ ते ८७ मधल्या घरच्या कॅसेटींत आहे. आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिताना नाट्यसंगीत येतं, भावगीत येतं, शाहिरी येते. हे काम मात्र बहुतांशी इंग्रजीत आहे म्हणून गाळलं जातं. शिवोली काही परमुलूख नाही. आज मुलं मोबाईलवर घरात गाणं करून जगाला ऐकवतात. त्याची सुरुवात आपल्या शेजारी, एका जुन्या घरात आणि एका स्कूटरवर झाली, याची नोंद मराठीत असायला हवी.

मी काढलेली ती कॉपी अजून वाजते. गडावरच्या कीर्तनांच्या एकोणीस कॅसेटींपैकी मात्र सातांना बुरशी धरली. तुमच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील, कीर्तनाच्या असोत की रेमोच्या, तर भंगारात देऊ नका. पेन्सिलीने फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करा, डेकच्या हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवा आणि या पावसाळ्याआधी त्या संगणकावर उतरवून घ्या.