सिग्नलला बंद पडणारी येझदी

मंडळी, सगळ्यात वैतागवाणा बग कुठला? लोड असताना जो दिसतच नाही आणि सिस्टिम निवांत असताना क्रॅश करतो, तो! गेले तीन शनिवार मी असाच एक बग शोधत होतो. कोडमध्ये नाही, बाबांच्या १९८४ च्या येझदीत.

बाबा गेल्यापासून गाडी पार्किंगमध्ये वर्षभर उभीच होती. कार्बोरेटर उघडून साफ केला, किक मारली, सुरू झाली. पळायला झक्कास. पण सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की फट् फट्... आणि ठप्प. मागे सगळे हॉर्न वाजवतायत. आई म्हणाली, "चालत नसेल तर देऊन टाक आता." म्हणजे डेडलाइनही मिळाली :)

बग शोधायचा तर आधी हिस्टरी बघावी. १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून झाली 'यावा', आपल्याकडची 'जावा'. पन्नासच्या दशकात मुंबईचे इराणी या गाड्या आयात करायचे. पुढे आयातीवर बंधनं आली, तेव्हा रुस्तुम आणि फारोख इराणींनी म्हैसूरला कारखानाच काढला. १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि सत्तरच्या दशकात टाकीवर जावाच्या जागी 'येझदी' आलं. दोन सायलेन्सर आणि एकच दांडा, तोच किक आणि तोच गिअर. बघणाऱ्याला गंमत वाटायची.

इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे जळका धूर बाहेर जायची आणि नवं मिश्रण आत यायची दारं काही क्षण एकदमच उघडी. वेगात असताना हे जमून जातं. आयडलिंगला मात्र ताजं मिश्रण थोडं आणि आत राहिलेला धूर जास्त, त्यामुळे ठिणगी पडूनही दर वेळी पेट घेत नाही. आपल्याला वाटतं सिग्नलला इंजिन आराम करतंय. खरं तर ती त्याची सगळ्यात अवघड परीक्षा.

योगायोग बघा, १९८९ मध्ये भारतात धुराचे पहिले नियम आले तेही आयडलिंगच्या धुराचेच. नंतर १९९१ आणि १९९६ मध्ये नियम आणखी कडक झाले. दरम्यान १९८५ पासून जपानी तंत्राच्या १०० सीसी फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. कमी पेट्रोल पिणाऱ्या, सिग्नलला शांत उभ्या राहणाऱ्या. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला.

असो. पहिल्या शनिवारी मी प्लग बदलला. दुसऱ्या शनिवारी पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटरवर आणली. आयडलिंगला पेट्रोल केसाएवढ्या भोकाच्या पायलट जेटमधून येतं, म्हणून तेही पुन्हा साफ केलं. फरक शून्य.

तिसऱ्या शनिवारी गाडी ढकलत बाबांच्या जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी हत्यार उचललंच नाही. नुसतं विचारलं, "शेवटचं काय उघडलं होतंस?"

"कार्बोरेटर."

त्यांनी गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर हाताने जरासा धरून ठेवला आणि कार्बोरेटर सिलिंडरला जोडतो त्या सांध्यावर बोटाने ऑइल फिरवलं. इंजिनाचा सूर क्षणात सुधारला.

"एअर घेतेय. जुनंच गॅस्केट परत बसवलंस ना?"

बसवलं होतं. फाटलेलं! म्हणजे बग माझाच, मीच डिप्लॉय केलेला. फटीतून जास्तीची हवा आत शिरायची आणि मिश्रण पातळ व्हायचं. पळताना इंजिन इतकी हवा ओढतं की तेवढीशी हवा कुठल्या कुठे जाते. आयडलिंगला तीच जीव घेते.

काकांनी गॅस्केट पेपर सांध्याच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत गेले. पाच मिनिटांत नवं गॅस्केट तयार. म्हणाले, "तुझ्या बाबांनाही हेच शिकवलं होतं मी. ते घरी करायचे."

हे मला माहीतच नव्हतं.

२०१८ मध्ये जावा परत आली, २०२२ मध्ये येझदी. दोन्ही फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाल्या. त्यांचं आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे आमच्यासारख्यांचंच कोड. चांगलंच आहे. पण कारखाना बंद पडल्यावर या जुन्या गाड्या चालू ठेवल्या त्या अशा हातांनी, आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन कुठेच नाही. काकांची मुलं या धंद्यात नाहीत.

म्हणून दुसरं गॅस्केट मी ठोकलं. वाकडं झालं. तिसरं जमलं.

घराखाली येऊन गाडी मुद्दामच बंद केली नाही. दोन मिनिटं तशीच उभी ठेवली. आई गॅलरीत आली, ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, बंद कर की आता. पेट्रोल जळतंय!"

देऊन टाकायचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.