अंबडची मत्स्योदरी : नाम, आख्यायिका आणि राजाश्रय

तीर्थपुरी आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. परंतु या गोदाकाठच्या मुलखाचे जुने ठाणे अंबड हेच होय. अंबडनजीकच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे स्थान आहे. आश्विनातील नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते, व पंचक्रोशीतील भाविक पायऱ्या चढून दर्शनास जातात.

देवीचे नाव मूर्तीवरून पडलेले नाही. गाभाऱ्यात महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती या त्रयीची पूजा होते, आणि या त्रयीत मत्स्याचा काही संबंध नाही. टेकडीचा आकार माशासारखा, आणि तिच्या उदरी वसलेली ती मत्स्योदरी, असा लोकांचा अर्थ आहे. काशीतही मत्स्योदरी नावाचे तीर्थ असून तेथेही माशाच्या आकाराची कल्पना भूमीशीच जोडलेली आहे. तेव्हा या स्थानी भूमीचे पावित्र्य आधीचे व त्रयीची पूजा मागाहून आलेली, असे अनुमान करण्यास जागा आहे.

गावाच्या नावाची कथा निराळी. अंबरीष नावाचा राजा राज्यकारभारास विटून येथील डोंगरातील गुहेत राहिला व त्याच्यावरून अंबड हे नाव पडले, असे सांगतात. भागवताच्या नवम स्कंधातील अंबरीष हा एकादशीव्रती विष्णुभक्त. तोही अखेरीस पुत्रांवर राज्य सोपवून वनात जातो. पण वासुदेवाच्या ठायी चित्त ठेवून. वैष्णव राजाला देवीच्या डोंगरावर आणून बसविण्याचे काम स्थानिक परंपरेने केले, हे उघड आहे. ‘अंबरीष’पासून ‘अंबड’ साधणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने अवघडच. इंग्रजी दप्तरांत गावाचे नाव ‘र’काराने लिहिलेले आढळते, परंतु तो ‘ड’कार लिहिण्याच्या तत्कालीन रीतीचा परिणाम होय, त्यावर कथेचा आधार उभारता येणार नाही.

ऐतिहासिक भूमी लागते ती होळकरांच्या काळात. देवालयाच्या उभारणीचे श्रेय अहिल्याबाईंना (कारकीर्द १७६७ ते १७९५) दिले जाते. त्यांच्या काशी-गयेच्या दानधर्माच्या मालिकेत हे काम सहज ओवले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. काशी परमुलखात होती. अंबड व वेरूळ मात्र निजामाच्या व पेशव्यांच्या प्रदेशात मिसळलेले असले तरी होळकरांचे स्वतःचे महाल होते. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. म्हणजे अंबडचे देवालय हे केवळ पुण्यकर्म नसून आपल्या रयतेच्या दैवताची राज्यकर्तीने घेतलेली काळजी होय. अर्थात देवालयाच्या वयावरून स्थानाचे वय ठरवू नये. पूजा नसलेल्या टेकडीवर कोणी मंदिर बांधीत नाही.

१८१८ च्या मंदसोर येथील तहाने होळकरांनी हे महाल इंग्रजांस दिले, व १८२२ मध्ये इंग्रजांनी ते निजामाच्या हवाली केले. १९४८ पर्यंत अंबड हैदराबाद संस्थानात राहिले. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाल्यावर त्यात आले. एवढ्या उलथापालथीत गोदाकाठचा कुणबी नवरात्रात ज्या टेकडीकडे निघे, ती टेकडी तीच राहिली.