मातेऊश द कास्त्रो

(सु. १५९४ – सु. १६७७). गोमंतकीय धर्मोपदेशक, धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपपदाला पोचलेले पहिले भारतीय. मूळ आडनाव महाले. जन्म तिसवाडीतील दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादळी काळ गेला तो डिचोलीत.

बार्देशातील रेईश मागूश येथे फ्रान्सिस्कन पाद्रींच्या विद्यालयात ते शिकले. पुढे पाद्री होण्यासाठी त्यांनी दीक्षा मागितली, तेव्हा आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा ई लिश्बोआ यांनी ती नाकारली. एतद्देशीयांना दीक्षा द्यायचीच नाही, असा या आर्चबिशपांचा हट्ट होता. कास्त्रोंची विद्या कमी पडली नव्हती. जन्म आड आला.

त्यांनी खुष्कीचा मार्ग धरला आणि कार्मेलाइट साधूंच्या मदतीने इराणवरून १६२५ मध्ये रोम गाठले. वेळ अनुकूल होती. मिशनांची सूत्रे थेट पोपच्या हाती यावीत म्हणून १६२२ मध्ये तेथे ‘प्रोपागांदा फीदे’ ही परिषद स्थापन झाली होती आणि देशोदेशी स्थानिक पाद्री तयार व्हावेत, असे तिचे चिटणीस फ्रांसेस्को इन्गोली यांचे ठाम मत होते. कास्त्रो रोममध्ये तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकले, तेथेच त्यांना दीक्षा मिळाली. परंतु गोव्यात परतल्यावर त्यांची रोमची कागदपत्रे कोणी मानीना. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांना क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप करण्यात आले आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून आदिलशाही मुलूख त्यांच्याकडे सोपवण्यात आला.

रोम आणि गोवा यांच्यातील या तंट्याचे मूळ ‘पाद्रुआदो’ नावाच्या व्यवस्थेत आहे. पूर्वेकडील चर्चचा खर्च पोर्तुगालच्या राजाने सोसायचा आणि त्याबदल्यात बिशप निवडण्याचा अधिकार त्याला मिळायचा, असा करार पूर्वीच्या पोपांनी केला होता. पोपची सनद आली तरी तिच्यावर राजाची मान्यता हवी, असे गोव्याचे धर्मपीठ म्हणे. सनद पोपची, शिक्का मात्र लिस्बनचा, अशा कात्रीत कास्त्रो सापडले. इथिओपियातून हद्दपार होऊन गोव्यात राहिलेले जेझुइट पॅट्रिआर्क अफोन्सु मेन्दिश हे त्यांचे कडवे विरोधक. कास्त्रोंच्या रंगावरून आणि वंशावरून त्यांनी वापरलेली भाषा धर्मगुरूच्या तोंडी अजिबात शोभणारी नव्हती.

गोव्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा कास्त्रो डिचोलीला येऊन राहिले. येथे भूगोल समजून घेतला पाहिजे. त्या काळी पोर्तुगीज गोवा म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी. शापोरा नदीपलीकडचे पेडणे आणि मांडवीपलीकडची डिचोली विजापूरच्या अमलाखाली होती. पोर्तुगीजांच्या ताब्यात ती गेली थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस, ‘नव्या काबिजादी’ म्हणून. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, हात या नद्यांपलीकडे पोचत नव्हता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर याच वाटेने गेला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचे देऊळ पाडले, लिंग नदीपार डिचोली महालात नार्वे येथे नेण्यात आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीचा देव आणि दिवाडीचा बिशप, दोघांनाही एकाच सत्तेपासून आसरा दिला तो याच काठाने. गोव्याच्या इतिहासात ही गोष्ट याहून ठळकपणे सांगितली जायला हवी.

डिचोलीत कास्त्रोंनी एतद्देशीय तरुणांना दीक्षा दिली. गोव्याच्या धर्मपीठाने ती अवैध ठरवली. मधल्या काळात ते पुन्हा रोमला जाऊन आले. १६५३ मध्ये त्यांनी ‘इश्पेल्यु दुश ब्राह्मनिश’ म्हणजे ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे प्रक्षोभक पत्रक लिहिले. पोर्तुगीज धर्मसत्ता एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना कशी हीन वागवते हे त्यात मांडून त्यांनी स्वजातीयांना उठावाची हाक दिली. पुढच्याच वर्षी मुहंमद आदिलशाहाची फौज बार्देश-सासष्टीत शिरली. या स्वारीमागे कास्त्रोंची चिथावणी आहे, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. १६३७ पासून वेंगुर्ल्यात पोर्तुगीजांचे वैरी असलेल्या डचांची वखार होती, त्यामुळे कास्त्रोंवरील संशयाला आणखी बळ मिळाले.

अखेर ते रोमला परतले आणि तेथेच वारले. आदिलशाही मुलखातले त्यांचे पद पुढे त्यांचे भाचे कुश्तोदियु द पिन्यु यांच्याकडे आले.

कास्त्रोंना धर्मद्रोही म्हणणे चूक आहे. श्रद्धेच्या एकाही सिद्धान्ताशी त्यांचे भांडण नव्हते. बाप्तिस्मा घेतलेला माणूस वेदीपुढे समान असेल, तर पदापुढे असमान का, हा त्यांचा प्रश्न होता. पण तो त्यांनी पुरता ताणला नाही. त्यांचा आरसा ब्राह्मणांपुरताच होता. चाड्डी आणि इतर जातींच्या ख्रिस्ती लोकांना त्यात जागा नव्हती. गोऱ्यांच्या वर्णाभिमानाला उत्तर देताना त्यांनी आपला जात्यभिमान पुढे केला, ही त्यांच्या विचारातली मोठी उणीव मानावी लागते. तरीही १७८७ मध्ये ‘पिंतोंचा कट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बंडामागे पदोन्नती नाकारलेल्या गोमंतकीय पाद्रींची हीच तक्रार होती आणि त्या पाद्रींपैकी जुझे आंतोनियु गोन्साल्विश हे दिवाडीचेच.

गोव्याच्या धर्मपीठावर पहिले गोमंतकीय आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, १९७८ मध्ये बसले.