ग्रंथकारांचा मुखत्यार

दलाल म्हटला की धान्याची पेठ आठवते. सरस्वतीच्या मंदिरात त्याचे काय काम, असे कोणीही विचारील. याचे उत्तर आम्हांस लंडनच्या इतिहासात सापडते. १८८६ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीचे सर्व हक्क अवघ्या २५ पौंडांस विकले. तिचा नायक शेरलॉक होम्स पुढे जगद्विख्यात झाला. परंतु त्या ग्रंथाबद्दल कर्त्यास आणखी कवडीही मिळाली नाही. बाजारभाव प्रकाशकास ठाऊक, ग्रंथकारास नाही, हेच या अन्यायाचे मूळ होय.

ही उणीव ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थाने हेरली. १८७५ च्या सुमारास त्याने लेखकांची मुखत्यारी आरंभिली. लेखकाच्या प्राप्तीवर शेकडा १० ही त्याची दलाली. अर्थात लेखकाचे हित तेच त्याचे हित. १८९१ साली होम्सच्या कथा 'स्ट्रँड' मासिकाकडे त्यानेच पोहोचविल्या. विल्यम हाइनमान यांच्यासारख्या प्रकाशकांनी या मध्यस्थास बांडगूळ ठरविले, तरी तो टिकलाच.

परंतु जो सेवक म्हणून आला, तोच आज द्वारपाल झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक मोठे प्रकाशक त्याच्यावाचून नवख्याचे हस्तलिखित पाहत नाहीत. म्हणून लेखकांच्या संमेलनांत नवा ग्रंथकार वर्षानुवर्षांचे श्रम काही मिनिटांत त्याच्यापुढे मांडतो. आम्ही या मध्यस्थास दोष देत नाही. ग्रंथकाराच्या श्रमाचे मोल त्यानेच वाढविले. मात्र जो ग्रंथ चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याची वकिली कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच.