छात्रसेनेची सक्ती : पाच वर्षांच्या एका प्रयोगाची कहाणी

सीमेवर तणाव वाढला किंवा महाविद्यालयीन तरुणांच्या बेशिस्तीची चर्चा सुरू झाली, की प्रत्येक तरुणाला एक-दोन वर्षांचे लष्करी शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी हमखास पुढे येते. मागणी करणाऱ्यांना अशा वेळी इस्रायल आणि सिंगापूर आठवतात. स्वतंत्र भारताने १९६३ ते १९६८ या काळात स्वतःच्याच भूमीवर असा एक प्रयोग करून पाहिला होता, याचे मात्र विस्मरण झालेले दिसते. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या अनेक पदवीधरांनी महाविद्यालयाच्या मैदानावर खाकी गणवेशात ‘सावधान-विश्राम’ केले, ते स्वेच्छेने नव्हे, तर सरकारच्या आदेशामुळे. हा प्रयोग का सुरू झाला आणि पाच वर्षांत का गुंडाळावा लागला, हे पाहिल्याशिवाय सक्तीच्या मागणीचे मोल ठरवता येत नाही.

घटनेचा अडसर नाही

अशी सक्ती घटनेला मान्य नाही, असा एक गैरसमज आहे. वास्तविक वेठबिगारीला बंदी करणाऱ्या २३ व्या अनुच्छेदाच्याच दुसऱ्या खंडात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार राज्याला राखून ठेवलेला आहे. ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, एवढीच अट आहे. या यादीत लिंगभेदाचा उल्लेख नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांची भर घातली, तेव्हा आवाहन केले जाईल त्या वेळी देशाचे रक्षण व राष्ट्रीय सेवा करणे, हेही नागरिकाचे कर्तव्य ठरले. त्याआधी १९७२ मध्ये संसदेने राष्ट्रीय सेवा कायदा संमत करून डॉक्टर व अभियंत्यांसारख्या पात्रताधारक तरुणांना राष्ट्रीय सेवेसाठी बोलावण्याची तरतूद केली होती. थोडक्यात, प्रश्न अधिकाराचा कधीच नव्हता.

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एनसीसी, ही मुळात स्वेच्छेची संघटना. पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. छात्रसैनिकावर केवळ सदस्यत्वामुळे प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येणार नाही, असे त्या कायद्यानेच स्पष्ट केले. सैनिक तयार करणारा कारखाना असे तिचे स्वरूप जन्मापासूनच नव्हते.

देशमुख समितीचा महागडा आराखडा

सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा पहिला गंभीर आराखडा मात्र छात्रसेनेबाहेर तयार झाला, आणि तो चीन युद्धाच्या आधी. ऑगस्ट १९५९ मध्ये केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे चिंतामणराव त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा वाहत होते. माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा करावी, असे समितीने सुचविले. त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनतीचे काम आणि सामान्य शिक्षण यांचा मेळ होता.

हा प्रस्ताव सरकारने स्वीकारला नाही. खर्च झेपणारा नव्हता आणि अंमलबजावणी कठीण होती. अर्थशास्त्राचा पक्का हिशेबी माणूस अध्यक्षस्थानी असताना योजना खर्चावर अडावी, हा विरोधाभास खरा. पण त्यातील हिशेब प्रामाणिक होता. हजारो तरुणांना वर्षभर निवासाची, भोजनाची आणि शिक्षकांची सोय करून शिकवायचे, तर पैसा लागणारच, हे त्या आराखड्याने लपविले नव्हते. पुढे जी सक्ती प्रत्यक्षात आली, तिने नेमका हाच हिशेब टाळला.

पराभवानंतरची घाई

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ च्या पराभवाने देश हादरला. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षण मंत्रालयाची सूत्रे हाती घेतली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्या चौकशी अहवालाचा सारांश त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेपुढे ठेवला. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आदेशयंत्रणा, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनानींची कुवत या मुद्द्यांभोवती तो फिरतो. महाविद्यालयीन तरुण पुरेसे कवायत करीत नव्हते, म्हणून पराभव झाला, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चव्हाणांच्या कारकीर्दीत जी खरी सुधारणा झाली, ती या उणिवांना धरूनच होती. १९६४ पासूनच्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे भूदल, डोंगराळ प्रदेशात लढणाऱ्या खास डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल, असे लक्ष्य ठरले. अधिकाऱ्यांची तूट भरून काढण्यासाठी आणीबाणी कमिशन देण्यात आले आणि त्यासाठी पुणे व मद्रास येथे प्रशिक्षण शाळा उघडल्या.

याच धामधुमीत, १९६३ मध्ये, शारीरिकदृष्ट्या सक्षम अशा सर्व पदवीपूर्व पुरुष विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली. लोकभावना पाहता हा निर्णय स्वाभाविकच म्हणावा लागेल. युवतींना सक्तीतून वगळले गेले. त्याहून मोठा वर्ग मात्र कोणी न वगळताच बाहेर राहिला. ज्याने महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही, अशा शेतात वा गिरणीत राबणाऱ्या तरुणाचा या राष्ट्रसेवेशी संबंधच नव्हता. त्या काळी उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण किती अल्प होते, हे ध्यानात घेतले, तर ही देशातील तरुणांवरची सक्ती नसून महाविद्यालय-प्रवेशाची एक अट होती, असेच म्हणणे अधिक योग्य ठरते.

शिकवणार कोण?

प्रयोगाची पहिली ठेच येथेच लागली. प्रशिक्षणासाठी अनुभवी अधिकारी व हवालदार हवे होते. नव्या पलटणी उभारणाऱ्या भूदलालाही नेमके तेच हवे होते. दोघांची गरज एकाच वेळी भागविणे अशक्य असल्याने छात्रसेनेसाठी नागरी तरुणांमधून पूर्णवेळ अधिकारी नेमण्याचा मार्ग काढावा लागला. महाविद्यालयातील प्राध्यापकच कॅप्टन वा मेजरच्या पट्ट्या लावून तुकडीपुढे उभे राहत होते. त्यांतील अनेकांनी हे काम मनापासून केले. पण आठवड्याकाठी काही तास मिळणाऱ्या, स्वतःच्या इच्छेविरुद्ध रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांना त्यांनी कवायतीपलीकडे काय शिकवावे? ज्या तरुणाला आवड होती, त्यालाही पुरेसा वेळ, पुरेशा गोळ्या आणि पुरेसे लक्ष मिळेना. परेडनंतरचा अल्पोपाहार तेवढा अनेकांच्या स्मरणात राहिला.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात या प्रश्नाला हात घातला. चालू पद्धत तूर्त सुरू ठेवावी, पण पदवी अभ्यासक्रमात सुमारे ६० दिवसांच्या सलग, पूर्णवेळ प्रशिक्षणाचा पर्याय तपासून पाहावा, असे आयोगाने सुचविले. त्याचबरोबर शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव करण्याचा आग्रह धरला. देशमुख समितीचाच धागा येथे पुन्हा दिसतो.

१९६५ च्या युद्धात छात्रसैनिक उपयोगी पडले नाहीत, असे नाही. दारूगोळा कारखान्यांत मदत, शस्त्रसामग्री पोहोचविणे, शत्रूच्या छत्रीधारी सैनिकांवर नजर ठेवण्यासाठी गस्त आणि नागरी संरक्षण, अशी कामे त्यांनी केली आणि १९७१ मध्येही केली. मात्र ही कामे पिछाडीची होती. त्यासाठी देशातील प्रत्येक महाविद्यालयीन युवकाची सक्तीची परेड आवश्यक होती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणखी एक ठेच अनपेक्षित दिशेने लागली. छात्रसेनेतील आज्ञा हिंदीत दिल्या जात. हिंदीविरोधी आंदोलनाने पेटलेल्या मद्रास राज्यात या आज्ञा म्हणजेच लादलेली हिंदी, अशी भावना होती. जानेवारी १९६८ मध्ये तेथील विधानसभेने हिंदी आज्ञा बंद करण्याचा आणि ते मान्य न झाल्यास छात्रसेनेच्या तुकड्याच बरखास्त करण्याचा ठराव केला. एकात्मतेसाठी आणलेली सक्ती भाषिक संघर्षाचे निमित्त ठरली. स्वेच्छेच्या संघटनेत असा वाद बहुधा एवढ्या टोकाला गेला नसता.

सक्ती गेली, सेवा राहिली

शिक्षणमंत्र्यांच्या एप्रिल १९६७ मधील परिषदेने सुटकेची वाट दाखविली. छात्रसेना ऐच्छिक करावी, तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना सुरू करावी आणि होतकरू खेळाडूंना या दोन्हींतून मोकळीक देऊन राष्ट्रीय क्रीडा संघटनेत घ्यावे, असे ठरले. १९६८ मध्ये छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधी जन्मशताब्दी वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. खेडोपाडी सात दिवसांची शिबिरे भरविणारी आजची ‘एनएसएस’ ती हीच. सक्तीच्या अपयशातून जन्मलेली ही योजना सक्तीपेक्षा कितीतरी दीर्घायुषी ठरली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे माजी प्राचार्य रँग्लर डॉ. ग. स. महाजनी यांच्या समितीने छात्रसेनेच्या कार्याचे मूल्यमापन केले. १९७१ नंतरच्या अभ्यासक्रमात ‘संरक्षणाची दुसरी फळी’ ही भूमिका मागे पडून नेतृत्वगुणांवर भर आला.

सुधारणांची उलटी दिशा

त्यानंतरच्या संरक्षण सुधारणांचा ओघ सक्तीकडे गेला नाही. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने लष्कर सदैव तरुण व तंदुरुस्त असावे, यासाठी १७ वर्षांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर जवानांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, अशी शिफारस केली होती. संरक्षण दल प्रमुखपदाची निर्मिती २०२० च्या प्रारंभी झाली आणि जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते २१ वर्षे वयाच्या तरुणांची (पहिल्या वर्षी ही मर्यादा २३ होती) चार वर्षांसाठी भरती, त्यांतील कमाल २५ टक्क्यांना पुढे कायम सेवा आणि उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी, असे तिचे स्वरूप. बिहारसह अनेक राज्यांत तिच्याविरुद्ध उग्र निदर्शने झाली. त्यांतील तक्रार फार बोलकी होती. लष्करात सक्तीने न्यावे म्हणून नव्हे, तर लष्करातून लवकर बाहेर काढू नये म्हणून तरुण रस्त्यावर उतरले होते. ज्या देशात भरतीच्या मेळाव्यांना अशी झुंबड उडते, तेथे सक्ती कोणावर आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

तरीही ही कल्पना संसदेच्या आवारातून पुरती हद्दपार झालेली नाही. अधिकाऱ्यांची तूट पाहून संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने २०१८ मध्ये राजपत्रित पदांवर थेट येऊ इच्छिणाऱ्यांना पाच वर्षांची लष्करी सेवा अनिवार्य करावी, असे सुचविले होते. सक्तीचा अर्थ सर्वांना रांगेत उभे करणे असाच होतो, असेही नाही. स्वीडनने २०१० मध्ये बंद केलेली अनिवार्य सेवा २०१७ मध्ये पुन्हा आणली, तेव्हा तरुण व तरुणी दोघांची चाचणी घेऊन प्रत्यक्षात सुमारे चार हजारच जण २०१८ मध्ये निवडले. सैन्य जेवढ्यांना नीट शिकवू शकेल, तेवढेच.

भारतात छात्रसेना ऐच्छिकच आहे आणि तिच्या प्रवेशासाठी अनेक महाविद्यालयांत मैदानावर निवड चाचणी घ्यावी लागते. २० हजार छात्रसैनिकांनिशी सुरू झालेल्या या संघटनेत आणखी तीन लाख जागा वाढवून मंजूर संख्या २० लाखांवर नेण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये घेतला. त्याच वेळी माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून नेमण्याच्या प्रस्तावालाही मंजुरी देण्यात आली.