जॉर्ज एलियट : वाचलेलं कुठे जातं?

आजचा विषय जॉर्ज एलियट ही इंग्रज कादंबरीकार. पण सुरुवात मी स्पिनोझापासून करणार. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, खोड जात नाही.

१८५६ साली मेरी ॲन इव्हान्स या छत्तीस वर्षांच्या बाईने स्पिनोझाच्या ‘एथिक्स’चं लॅटिनमधून इंग्रजी भाषांतर पुरं केलं. प्रकाशकाशी व्यवहार फिसकटला आणि हस्तलिखित पडून राहिलं. ते छापलं गेलं १९८१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी! त्याच १८५६ च्या सप्टेंबरात तिने पहिली गोष्ट लिहायला घेतली. पुढे ‘जॉर्ज एलियट’ हे पुरुषी नाव घेतलं. भाषांतर पडून राहिलं हे खरं, पण वाचन वाया गेलं का?

तिचे वडील वॉरिकशरमधल्या आर्बरी हॉल इस्टेटीचे कारभारी. तिथलं ग्रंथालय या मुलीला खुलं होतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचं शिक्षण घरी, स्वतःच्या बळावर. वाचनाची किंमतही मोजावी लागली. १८४२ मध्ये तिने चर्चला जायला नकार दिला आणि बापलेकीत इतकं बिनसलं, की घर मोडायची वेळ आली. शेवटी तडजोड झाली : चर्चला सोबत जायचं, मनात विचार मात्र आपला. त्यानंतर तिने श्ट्राउस आणि फॉयरबाख या जर्मन विचारवंतांचे ग्रंथ इंग्रजीत आणले, १८४६ आणि १८५४ मध्ये.

आता स्पिनोझा काय सांगतो? माणसाच्या रागलोभाची टवाळी करू नका, त्याला शिव्याशाप देऊ नका. त्यामागची कारणं समजून घ्या. भूमितीतल्या रेषांकडे बघावं तसं विकारांकडे बघा.

हे लक्षात ठेवून १८७१-७२ मध्ये आठ भागांत आलेली ‘मिडलमार्च’ उघडा. त्यात कॅसॉबन नावाचा एक वयस्क पंडित आहे. साऱ्या पुराणकथांची एकच किल्ली देणारा ग्रंथ त्याला लिहायचाय. नोंदींवर नोंदी साठतात, ग्रंथ काही होत नाही. जर्मन संशोधन त्याने वाचलेलंच नाही, कारण जर्मन येत नाही. तरुण बायको डोरोथिया त्याच्यापायी कोमेजते. आपली सहानुभूती अर्थातच तिच्याकडे. आणि एकोणतिसाव्या प्रकरणाच्या आरंभी एलियट वाक्य मध्येच तोडते आणि विचारते, नेहमी डोरोथियाचीच बाजू का? मग ती आपल्याला त्या रुक्ष माणसाच्या आत नेते. तिथे काय दिसतं? आपण कमी पडतोय हे जगाला कळेल, याची भीती. त्याचा दोष ती झाकत नाही, पण त्याच्यावर हसणं अवघड करून ठेवते. स्पिनोझाचं नावही न घेता स्पिनोझा वाचकापर्यंत पोचला, तो असा.

माझ्या घरी कपाटात नोंदींच्या कार्डांचे चार खोके आहेत. एक ग्रंथ लिहायचा होता. तरुणपणी वर्गात कॅसॉबनवर मी पोरांना भरपूर हसवलंय. सत्तरी उलटल्यावर ते प्रकरण पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. तुम्हीही एकदा वाचून बघा. मग पुढच्या वेळी बोलू.