आडनाव एकाचं, नाव सगळ्यांचं

शहरात भाड्यानं खोली बघायला गेलो की मालक पहिल्यांदा नाव विचारतो. नाव सांगितलं की म्हणतो, "पुढं?" पुढं म्हंजे आडनाव. माझं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. त्यातनं त्याला काही उमगत नाही. मग तो जरा हसून विचारतो, "तसं नाही हो, मूळचं आडनाव काय तुमचं?" या 'मूळचं'मधे सगळं आलं. मी खरं ते सांगतो. आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी दिली गेलेली असते.

दोस्तांनो, हे तुमच्याही वाट्याला आलेलं आहे. म्हणून आज एका आडनावाचाच इतिहास मांडायचा आहे. हे आडनाव लावणारी घरं फार थोडी. पण रोज लाखो तोंडांतून ते निघतं. आंबेडकर.

सुरुवात थोडी मागनं करू. माझ्या आज्ज्याला आडनाव नव्हतं. म्हंजे घरात होतं, कागदावर नव्हतं. गावच्या दप्तरात त्याचं नुसतं नाव, तेही तोडून, अरेतुरेचं, आणि पुढं 'महार'. जात हेच आडनाव. आमच्यात कुळं नव्हती असं नाही. जाधव, गायकवाड, मोरे, सकपाळ ही आडनावं आमच्यातही आहेत आणि मराठ्यांतही आहेत. पण आमचं आडनाव गावाच्या तोंडी कधी आलं नाही. आडनाव म्हंजे घराण्याला मान. तो मान गावकुसाच्या आतल्यांसाठी राखलेला.

गावानं दिलं नाही ते पलटणीनं थोडंफार दिलं. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यातल्या महार शिपायांच्या नावांना 'नाक' लागलेलं आहे. हे 'नाक' म्हंजे 'नायक' या शब्दाचं झिजलेलं रूप असं मानतात. गावात जो 'म्या' किंवा 'न्या' होता, तो पलटणीच्या पटावर 'नाक' झाला.

पुढचा टप्पा एकाच माणसाच्या नावात दिसतो. गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. महाडकडचे, पलटणीतनं निवृत्त झालेले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेवर हल्ला चढवला. त्यांचं नाव नीट वाचा. दोन वेळा 'नाक', आणि शेवटी 'कर'. अर्धं नाव पलटणीचं, अर्धं नव्या काळाचं. शाळेच्या आणि सरकारच्या कागदावर आता जातीऐवजी आडनाव येऊ लागलं होतं.

याच काळात सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आपल्या पोरांची नावं शाळेत घालत होते. बाप मालोजीही पलटणीतले. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. पुढं घर दापोलीला आलं, मग साताऱ्याला. कोकणात गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करायची रीत सगळ्याच जातींत. रामजींनी कुळाचं सकपाळ बाजूला ठेवलं आणि पोराला गावाचं नाव लावलं. ते आंबडवेकर, जुन्या पुस्तकांतनं आंबावडेकर असंही येतं. माझ्या मते यात सुभेदारांचा विचार होता. 'कर' लागलं की माणूस कुठला ते कळतं, कोण ते कळत नाही. जातीच्या समाजात एवढी फट पुष्कळ असते.

मग 'आंबेडकर' कुठनं आलं? चरित्रांतनं सांगितलं जातं ते असं. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण मास्तर होते. त्यांचा या पोरावर जीव. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी ते त्याला देत. पोराचं आडनाव त्यांना आडनिडं वाटलं, म्हणून त्यांनी आपलं सुटसुटीत आडनाव त्याच्यापुढं लिहिलं. आता यातली गंमत बघा. आंबेड नावाची गावं संगमेश्वर तालुक्यात आहेत. शब्दार्थानं आंबेडकर म्हंजे आंबेडचा माणूस. सुभेदारांचं घर मात्र आंबडव्याचं. म्हंजे जगानं डोक्यावर घेतलेलं हे आडनाव त्या घराच्या गावाचा पत्ताही धड सांगत नाही!

दुसरी बाजूही आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत या पोराचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ नंबरला नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्र सरकार २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. प्रवेशाच्या नोंदीतच आंबेडकर असेल तर मास्तरांनी मागाहून नाव बदललं कसं, असा सवाल काही अभ्यासक करतात. सवाल रास्त आहे.

पण मला यापेक्षा वेगळं बोलायचं आहे. ही गोष्ट आपल्याला शाळेत कशी सांगतात? "बघा, नावसुद्धा ब्राह्मणानं दिलं!" जणू नावाबरोबर अक्कल, विद्वत्ता, संविधान सगळं त्या डब्यातनंच आलं. बाबासाहेबांनी स्वतः त्या मास्तरांची आठवण मायेनं सांगितली. कृतघ्नपणा त्यांच्यात नव्हता, आपल्यातही नको. पण साताऱ्याच्या शाळेतली दुसरी आठवणही त्यांनीच लिहून ठेवली आहे. बसायला वेगळं गोणपाट, तेही घरनं आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर कोरडा घसा. आडनाव मिळालं ते याच दिवसांत. एका मास्तरानं माया केली हे खरं. पण व्यवस्थेनं पाणी दिलं नाही, हेही तेवढंच खरं. पहिलं सांगून दुसरं लपवणाऱ्याला हटकलं पाहिजे.

आणि शब्दाला वजन येतं ते त्याच्या मालकानं दिल्यामुळं नव्हे, वापरणाऱ्यानं काय केलं त्यामुळं. १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, १९५६ ला नागपूरला धम्म घेतला, तेव्हा या आडनावाचा अर्थ ठरला. त्यात आंबेडही राहिलं नाही आणि आंबडवेही.

म्हणून तर त्याची भीती वाटली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पोचीराम कांबळे मारले गेले. वस्त्या जळाल्या. सोळा वर्षं लढा चालला. गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पाटी बदलायला एवढं रक्त का लागावं? कारण पदवीच्या कागदावर हे नाव छापलं जाणार होतं आणि ते घरात, भिंतीवर लावावं लागणार होतं. विरोध करणाऱ्यांना नावातला इतिहास आपल्याआधी कळला होता.

आता आपल्याबद्दल. आपल्यातले काही मित्र आडनाव टाकतात, काही बदलून घेतात. पोराला इंटरव्ह्यूत त्रास नको म्हणून बाप असं करत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. सुभेदारांनीही सकपाळ बाजूला ठेवलंच होतं. फरक एवढाच की सुभेदारांनी नाव बदललं ते पोरानं शिकून पुढं यावं म्हणून, लपून राहावं म्हणून नाही. आपण कशासाठी बदलतो, हे ज्यानं त्यानं आपल्याला विचारावं.

एक काम मात्र सगळ्यांनी करा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा. आपलं आडनाव कुठनं आलं, कुठल्या गावावरनं, कुठल्या पलटणीतनं, कुणी कागदावर लिहिलं, ते विचारा आणि वहीत उतरवा. आज्ज्याला मी हे कधी विचारलं नाही. आता विचारायला तो नाही.

आणि पुढच्या वेळी घरमालकानं 'मूळचं' विचारलं तर सांगायचं काय, ते मी ठरवलंय. आडनाव जे असेल ते असो. मूळचे आम्ही आंबेडकरी. जयभीम.